नापास व्हायची तयारी

"पहिलं बटण गळ्यापाशी, दुसरं त्याच्या खाली,
तिसऱ्याला रे टाळू नको, त्याची पाळी आली."

हा आवाज मी पहिल्यांदा कधी ऐकला ते मला सांगता येणार नाही, कारण तो ऐकत नव्हते असा काळच मला आठवत नाही. अंथरुणात अर्धवट जागी असायचे तेव्हा भिंतीपलीकडून तो यायचा. आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी, दादा आतल्या खोलीत आरशासमोर, आणि दोघांच्या मध्ये ही ओळ, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी, घरभर ताणलेली. बटणं झाली की मोजे यायचे:

"मोज्याला दे टाच आधी, मग बुटाचं दार,
नाडीचे दोन कान धरून गाठ एकच मार."

सगळ्यांच्या घरी कपडे गाण्यावरच अंगावर चढतात अशी माझी समजूत होती. एकदा मी शाळेतल्या मैत्रिणीकडे राहायला गेले. सकाळी तिच्या आईने नुसतंच म्हटलं, "उठा, उशीर झाला." गाणं नाही, काही नाही. मला त्या घराची फार दया आली.

दादा माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा. आज एक्केचाळीस वर्षांचा आहे. उंच, गोरा, कपाळावर केस नीट चापून बसवलेले, आणि समोरचा माणूस कोणीही असो, आधी त्याच्या पायांकडे बघायची सवय. मी बुटांच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे आमच्या दोघांचं या एका विषयावर तासन्‌तास जमतं. खोटं बोलणं त्याला जमत नाही. जमत नाही म्हणजे तत्त्व म्हणून नव्हे. डाव्या हाताने लिहिणाऱ्याला उजव्याने जमत नाही तसं.

आणि दादाला सगळं येतं. हे आईचं वाक्य. नात्यातलं कोणी विचारलं की आई मान ताठ करून म्हणायची, "सगळं येतं त्याला. जरा सावकाश करतो, इतकंच." दाढी येते, अंघोळ येते, चहा येतो, कोपऱ्यावरून पाव आणता येतो. पाव आणायला तो खाली उतरला की आई खिडकीत उभी राहायची आणि तिथून गायची:

"लाल दिव्याला उभं राहा, हिरव्याला चल पुढे,
मधेच कुत्रं दिसलं तरी बघू नको तिकडे."

गल्लीला इतकी सवय झाली होती की पाववाला त्या वेळी आपणहून रेडिओ बारीक करायचा. आईला यात मदत म्हणावी असं काही दिसत नव्हतं. "मी हात लावते का कशाला?" ती म्हणायची. "मी आपली माझं माझं गात असते."

मागच्या वर्षी आईच्या खुब्याने बंड पुकारलं. आधी जिना नको म्हणाला, मग खिडकीपर्यंत जाणं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, सांधा बदलायला हवा, आणि लवकर. नाहीतर वर्षभरात खुर्चीला खिळाल. आईने शांतपणे विचारलं, "दवाखान्यात किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, आठवडाभर, आणि घरी आल्यावर दोन-तीन महिने जपायचं. आईने पिशवी उचलली. "मग राहू दे," म्हणाली. "दोन-तीन महिने मला वेळ नाही."

मी म्हटलं, मी रजा काढते, मी येते राहायला. त्याची रंगीत तालीमही झाली. एका रविवारी आई मुद्दाम गच्च तोंड मिटून बसली आणि मी ओट्यापाशी उभी राहून "पहिलं बटण गळ्यापाशी" सुरू केलं. आतून काहीच हालचाल नाही. थोड्या वेळाने दादा उघड्या शर्टाने बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार समजूतदारपणे म्हणाला, "तुझा घसा बसलाय. आईला सांगू का?"

घसा बसलेला नव्हता. माझा गळाच तसा आहे.

म्हणून मग अर्ज केला. शहराच्या सेवा कार्यालयाकडून अशा माणसांसाठी शिकवलेला मदतनीस घरी येतो, रोज. तो चित्रं लावून, सराव करून घेऊन, हळूहळू एकेक काम त्या माणसाच्या हवाली करतो. शिवाय दुपारी नेऊन सोडायला एक कार्यशाळा आहे, तिथे पुठ्ठ्याचे खोके बनवतात. हे सगळं मिळालं तर आईचं ऑपरेशन, नाही मिळालं तर आईचा खुबा जाणार, इतका तो हिशेब सरळ होता.

पण मिळायचं कोणाला, ते कायद्यात लिहिलं आहे. मी ते कलम दुकानातल्या मोकळ्या वेळात वाचायचे, एका हातात बूट आणि एका हातात कागद. विकासात्मक अपंगत्व कशाला म्हणायचं? जे अठराव्या वर्षाच्या आत सुरू झालं, जे जन्मभर राहणार, आणि ज्याच्यामुळे माणसाची सात कामांपैकी किमान तिनांत मोठी अडचण होते. सात कामं अशी: स्वतःची निगा, बोलणं आणि समजणं, शिकणं, चालणं-फिरणं, आपलं आपण ठरवणं, एकट्याने राहणं आणि पोटापुरतं कमावणं. सातांपैकी तीन. चाळीस वर्षं आईने ज्या परीक्षेत त्याला पास करायला जिवाचं रान केलं, त्याच परीक्षेत त्याने आता निदान तीन विषयांत नापास व्हायचं होतं.

आणि ते अठरावं वर्ष. त्या ओळीवर मी दर वेळी अडायचे.

कारण आमच्या घरची अधिकृत गोष्ट वेगळीच होती. दादा बावीस वर्षांचा असताना मामाने त्याला बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात चिकटवलं होतं. तिथे तो आठवडाभरही टिकला नाही. टिकणार कसा? तिथपर्यंत आईचा आवाज पोचत नव्हता. पण आईने सगळ्यांना सांगितलं की तिथल्या यंत्राच्या आवाजाने तो दचकला, मनावर घेतलं, तेव्हापासून हा असा. "त्याआधी अगदी व्यवस्थित होता हो." पाहुणे चुकचुकायचे, कारखान्याला नावं ठेवायचे, आणि विषय संपायचा. फार सोयीची गोष्ट होती ती. मला माहीत होतं की ती खरी नाही, आईला तर होतंच. पण मी मुळात जन्मलेच उशिरा. बाबा कधीच गेले. दादाच्या अठराव्या वर्षाच्या आधी काय होतं हे अधिकाराने सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस वीस वर्षं कारखान्याला धरून बसलं होतं.

"आई, तारखेचं खरं सांग हं," कार्यालयातून बाई तपासायला येणार होत्या, त्याच्या आदल्या दिवशी मी म्हटलं.

"मी काय खोटारडी आहे?" आई म्हणाली आणि दादाच्या शर्टाला दुसऱ्यांदा इस्त्री करायला लागली.

याचीच मला भीती वाटत होती. घर लख्ख झालं होतं. दादाचे बूट आरशासारखे चमकत होते. तपासायला बाई येणार म्हणून आईने जी तयारी चालवली होती ती नापास व्हायची नव्हती, पहिला नंबर काढायची होती. मग मी दादालाच हाताशी धरायचं ठरवलं.

"दादा, उद्या बाई विचारतील, चहा करता येतो का. तू काय सांगशील?"

"येतो."

"पण आईने गायलं नाही तर?"

दादाने विचार केला. "मग थोड्या वेळाने गाईल."

"आणि समजा गायलीच नाही?"

"कुठे गेलीये?"

"कुठे नाही रे. समज."

"इथेच आहे तर गाईल की," तो म्हणाला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जणू अडचण त्याची नसून माझी आहे.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. पस्तिशीच्या, सर्दी झालेल्या, खांद्यावर तुटक्या चेनची मोठी पिशवी. दारातच दादाने त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"नंबर काय?"

"सदतीस," बाई गोंधळून म्हणाल्या.

"अडतीस हवा. करंगळी दुखते ना?"

बाईंनी एकदा आपल्या बुटांकडे पाहिलं, एकदा दादाकडे. "दुखते," म्हणाल्या. पिशवीतून फॉर्म काढता काढता त्यांनी काहीतरी लिहिलंही. बहुतेक निरीक्षणशक्तीबद्दल. माझ्या मनात आलं, एक विषय गेला.

फॉर्मवर प्रत्येक कामापुढे तीन रकाने होते: स्वतः करतो, सांगितल्यावर करतो, हाताला धरून करतो. बाईंनी पेन उघडलं. आई भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती, खुबा तिरका, मान सरळ.

"कपडे स्वतःचे स्वतः घालतात?"

"घालतो की."

"बटणं, चेन, नाड्या?"

"सगळं. बघा ना बूट, गाठ कशी बसलीये."

बाईंनी गाठ पाहिली. गाठ खरंच सुंदर होती. पहिल्या रकान्यात खूण.

"अंघोळ?"

"रोज."

"म्हणजे, कोणी मदत करतं का?"

"एक्केचाळीस वर्षांच्या बाप्याला अंघोळीला मदत?" आई म्हणाली. "काहीतरीच काय, बाई."

पहिल्या रकान्यात खूण. मी घसा खाकरला. आईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "तुला खोकला झालाय, पाणी पी जा." सकाळीच तिने मला बजावलं होतं: त्याच्यासमोर त्याला काय येत नाही याचा पाढा वाचायचा नाही. वाचलास तर मी आतून कडी लावून बसेन. आणि खरं सांगायचं तर माझीही जीभ उचलत नव्हती. दादा तिथे समोर बसला होता, हात मांडीवर, प्रत्येक खुणेला हलकेच मान डोलावत. बोर्डावर आपला निकाल लागताना बघावा तसा.

"स्वयंपाकघरात वावरतात का? साधं काही करता येतं? चहा वगैरे?"

"आमच्याकडे चहा तोच करतो," आई म्हणाली, आणि अभिमानाच्या भरात तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. "राजा, बाईंना चहा कर."

दादा उठला. बाई फॉर्म घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागे. आई खुर्चीतच होती. तिने डोळे अर्धवट मिटले आणि जणू उगाच, वेळ जात नाही म्हणून, गुणगुणायला लागली:

"पाणी ठेव पातेल्यात, साखर चमचे दोन,
उकळीआधी पत्ती टाकेल असा शहाणा कोण."

दादाने पातेलं घेतलं, पाणी घेतलं, साखर मोजली, गॅस पेटवला. हात असे चालत होते की बघत राहावं. पाण्याला उकळी आली, पत्ती पडली, दूध पडलं. बाई हसल्या. "काकूंना गाण्याची आवड दिसते."

"आई गात असते," दादा म्हणाला.

"छान वाटतं घरात." आणि पेनाचं टोक पहिल्या रकान्याकडे निघालं.

मी तोंड उघडलं. आता कडी लावायची तर लाव म्हटलं. "बाई, ते गाणं म्हणजे..." एवढंच बोलले, आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे इस्त्रीवाले काका दारातून आत आले.

काकांना कोणी बोलावलं नव्हतं. सरकारी माणूस चौकशीला आलंय एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि आपल्या अनुभवावरून त्यांनी ठरवलं होतं की चौकशी म्हणजे चारित्र्याची. त्यांनी गिऱ्हाइकाचा वाटावा असा एक कडक कोट चढवला होता.

"मॅडम, मी लिहून देतो," काका दारातूनच म्हणाले. "हजारात एक मुलगा. पोलिसात नाव नाही, दारू नाही, सिगरेट नाही. माझा स्वतःचा मुलगा असा असता तर मी पेढे वाटले असते. काय हो वहिनी?"

आता, घरात आलेल्या माणसाने "काय हो वहिनी" म्हटल्यावर उत्तर न देणं आईच्या रक्तात नाही. तिने ओळ अर्धी सोडली. "या ना, बसा," म्हणाली. "तुमचं आपलं काहीतरीच कौतुक." काका म्हणाले, कौतुक नाही, वस्तुस्थिती. आई म्हणाली, तुमचा मुलगा पण गुणी आहे हो. काका म्हणाले, कसला गुणी. आणि हे असं चाललं असताना ओट्यावर चहा वर येत होता.

दादा त्याच्याकडे बघत उभा होता. फेस काठाशी आला. दादा उभा. फेस काठावरून उतरला, पातेल्याच्या अंगावरून ओघळला, गॅसवर पडला, चर्र झालं आणि आच विझली. दादा उभाच. चेहऱ्यावर भीती नाही, गडबड नाही. लिफ्टची वाट बघताना माणूस जसा उभा असतो तसा. गॅसचा वास यायला लागला.

बाईंनी पुढे होऊन बटण बंद केलं. खिडकी उघडली. मग दादाकडे वळून हळूच विचारलं, "तुम्ही बंद का नाही केलात?"

"अजून ओळ आली नाही," दादा म्हणाला.

"कसली ओळ?"

दादाने बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं.

बाहेर सगळं थांबलं. काकांचा हात हवेत होता, तो तिथेच राहिला. बाई दारात आल्या. "काकू," त्या म्हणाल्या, "पुढची ओळ काय आहे?"

आई चोरी पकडल्यासारखी पुटपुटली:

"फेस वर आला की रे, आच कर कमी,
उतू गेलं तर ओटा पुसणार तू नि मी."

आतून लगेच बटण फिरवल्याचा आवाज आला. गॅस आधीच बंद होता, पण दादाने तो शिस्तीत पुन्हा पेटवून, बारीक करून ठेवला. मग फडकं घेऊन ओटा पुसायला लागला. आणि आपली बाजू पुसून झाल्यावर उरलेली अर्धी बाजू तशीच सोडून थांबला. ती आईची होती.

बाई खुर्चीवर बसल्या. फॉर्मकडे पाहत राहिल्या. "अंघोळीला पण आहे का गाणं?"

"आहे," मी म्हटलं. आता माझी जीभ सुटली होती. "दाढीला आहे, दात घासायला आहे, रस्ता ओलांडायला आहे. झोपायला दोन आहेत."

"उन्हाळ्याचं वेगळं," काका म्हणाले. "सगळ्या गल्लीला पाठ आहे, मॅडम. माझ्या हिला तर त्या बटणांच्या गाण्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही."

"मग दुसऱ्या कोणी गायलं तर?"

"मी गायले होते," मी म्हटलं. "घसा बसलाय म्हणाला."

बाईंना खात्री करून घ्यायची होती. सरकारी काम. त्या नाक पुसून उभ्या राहिल्या, मोज्याची ओळ माझ्याकडून कागदावर उतरवून घेतली, दादाला मोजे-बूट काढायला आईकडून सांगवलं, आणि कार्यालयात सूचना वाचतात त्या आवाजात वाचायला लागल्या: "मोज्याला दे टाच आधी. मग बुटाचं दार." दादाने मोजा हातात धरून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पाहुण्यांचा अपमान होऊ नये म्हणून जरा थांबला. मग म्हणाला, "चांगलंय. पण हे आमचं नाही."

काकांनीही प्रयत्न करून पाहिला. त्यांच्या आवाजाला दादा हसला, आणि हसता हसता मोजा खाली पडला.

"काकू," बाई म्हणाल्या, "तुम्ही हात लावत नाही हे खरं. पण हे मदत करणंच आहे. हा दुसरा रकाना आहे. तोही तुमच्या एकटीच्या आवाजाचा."

"मी आपली गात असते," आई म्हणाली. पण या वेळी तिच्या बोलण्यात जोर नव्हता.

फॉर्म पहिल्यापासून सुरू झाला. प्रत्येक खूण पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात सरकताना आई घासाघीस करत होती, भाजी घेताना करते तशी.

"स्वतःची निगा: सांगितल्यावर."

"नखं तो स्वतः कापतो. त्याला गाणं नाही."

"खरंच नाही?"

आईने स्वतःच्या नखांकडे पाहिलं. "छोटंसं आहे," म्हणाली.

"चालणं-फिरणं."

"चालण्यात पूर्ण मार्क द्या, बाई. चालतो तो छान."

"चालण्यात पूर्ण," बाईंनी मान्य केलं. आईच्या चेहऱ्यावर तेवढंच समाधान आलं. बोलण्यातही पूर्ण मिळाले, कारण बाईंच्या करंगळीचं दुखणं त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरालाही सुचलं नव्हतं. बाकी एकेक करून गेले. शेवटी दादाने विचारलं, "मी किती नापास?"

बाईंनी मोजलं. "पाच."

"किती लागतात?"

"तीन."

दादा माझ्याकडे वळला. "दोन जास्त झाले."

सगळे हसलो. बाईसुद्धा हसल्या, रुमालात शिंकल्या, आणि पान उलटलं. त्या पानावर एकच प्रश्न होता. मला तो उलटा वाचतानाही कळला.

"हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

आईने पदर सारखा केला. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"बावीस वर्षांचा होता," आई म्हणाली. "याच्या मामाने कारखान्यात लावलं. तिथे एक मोठं यंत्र होतं..."

"बुचांचा कारखाना," काकांनी दुजोरा दिला. ही गोष्ट त्यांना पाठ होती आणि कुठे मान हलवायची तेही. "फार दणदणाट असतो हो. चांगला हसताखेळता मुलगा, मॅडम, आणि एका दणक्यात."

बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते त्यांनी उचललं.

"काकू, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "बावीस लिहिलं तर बाकीचं सगळं लिहून उपयोग नाही. आमचा कायदा अठराच्या आतला आहे. नंतर दणका बसला, आजार झाला, तर ते वेगळं कार्यालय, वेगळी यादी. तिथे दीड-दोन वर्षं तरी नंबर लागत नाही. मदतनीस नाही, कार्यशाळा नाही. मी काही मनाने लिहू शकत नाही. ज्याने लहानपणी पाहिलंय त्याने सांगायला हवं."

"शाळेत तर पास होत होता," काका म्हणाले. त्यांना अजूनही वाटत होतं की ते मदत करत आहेत.

आई काकांकडे वळून म्हणाली, "काका, तुमची इस्त्री तापत ठेवली असेल ना खाली?"

"बंद करून आलोय."

"गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे की, वहिनी. तुमच्यापेक्षा गिऱ्हाईक मोठं आहे का?"

काका उठणार नव्हते. गेली वीस वर्षं तिने ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यांच्यातले सगळ्यात भाबडे श्रोते समोर बसून राहिले होते, कोटाची बटणं लावून. आई दादाकडे बघत होती. तो एका पायात मोजा आणि एका पायात काहीच नाही असा बसला होता, आणि बाईंच्या बुटांकडे काळजीने पाहत होता. बाईंनी नाक पुसलं.

"कारखाना खोडा," आई म्हणाली.

काका म्हणाले, "अहो पण..."

"खोडा, बाई. लिहा, दहा महिने." तिचा आवाज नेहमीचाच होता, फक्त त्यात चाल नव्हती. "दहा महिन्यांचा होता. मी समोर चमचा धरायचे. बाकीची मुलं चमच्यावर झडप घालतात. माझ्या बहिणीचा त्याच वयाचा होता, तो तर चमच्यासकट हात ओढायचा. हा बघायचा. चमच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि थांबून राहायचा. मी 'घे' म्हटल्याशिवाय हात पुढे यायचा नाही. असं महिनाभर पाहिलं मी. मग एक दिवस मुद्दाम बोललेच नाही. बसून राहिले. तो पण बसून राहिला. भूक लागलेली त्याला, रडायला लागला, पण हात काही आला नाही. तेव्हा मला कळलं."

बाई लिहीत होत्या. आई त्यांच्याकडे बघत नव्हती.

"मी कोणाला बोलले नाही. यांच्या बाबांना पण नाही. ते म्हणायचे, पोरगा आळशी आहे. शर्ट हातात घेऊन उभा राहिला की आळशी, पाटीवर पेन्सिल टेकवून बसला की आळशी. पाहुण्यांसमोर म्हणायचे, जेवताना म्हणायचे. एकदा मारलं पण. ते गेले तोवर म्हणतच होते. मला माहीत होतं, आणि मी म्हणू दिलं. म्हटलं, आळशी पोर एक दिवस सुधारतं. हे दुसरं काही एकदा माझ्या तोंडून गेलं असतं, तर मग वाट कशाची बघायची?"

तिने खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला, खुब्याला सावरत दादाच्या बाजूला वळली. त्याने मान वर केली. ओळ येईल म्हणून तो थांबला होता.

"राजा," आई म्हणाली, "तू आळशी नव्हतास. कधीच नव्हतास."